सवतीचा रुपया

पाथरखेडच्या गीताबाईच्या गळ्यात दोन बाया राहतात, असं गावातल्या पोरी एकमेकींना सांगत, आणि ते काही खोटं नव्हतं. काळ्या गोफात अडकवलेला चांदीचा राणीछाप रुपया होता तो. वरच्या अंगाला राणीचं तोंड, उठलेलं, जसं असतं तसं. पण पलटवला की मागं ना साल, ना अक्षर. तेच तोंड पुन्हा, पण आत गेलेलं आणि उलट्या दिशेला पाहणारं. ओल्या मातीत कोणी तोंड दाबावं आणि काढून घ्यावं, तसं. हे आतलं तोंड गीताबाईच्या कातडीला लागून असे.

रुपया तिचा नव्हता. तिच्या नवऱ्याच्या, शंकररावच्या, पहिल्या बायकोचा होता. मंजुळाबाई तिचं नाव. माहेराहून आणलेल्या पेटीत तो तिनं जपून ठेवला होता. एका सकाळी पऱ्हाटीच्या ढिगातून सरपण ओढता ओढता तिला पान लागलं, सापाचं. मेहकरच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत बाई निळी पडली. पोरगा गोविंदा तेव्हा रांगत होता. वर्षश्राद्धाच्या आत शंकररावच्या डोक्याला दुसऱ्यांदा बाशिंग बांधलं. हिवरा आश्रमाकडची गीता, बापाची चौथी पोरगी, बिजवराला दिली. चौथ्या पोरीला कोणी विचारतं काय, पसंत आहे का म्हणून?

आपल्याकडं रीत आहे. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. सोनार चांदीच्या पत्र्यावर बाईचं चित्र उठवून देतो, मेलेलीचा जीव त्यात राहतो म्हणे, आणि मग ती नवीच्या वाटेला जात नाही. पहिल्या नवऱ्याचा टाक गळ्यात बांधून फिरणारा दुसरा नवरा कोणी पाहिला असेल तर दाखवा. बाई जिवंत असली की घर सांभाळायचं बाईनं, आणि मेली की तिचं भूत सांभाळायचं तेही दुसऱ्या बाईनंच.

सासू टाक करायला निघाली आणि मंजुळाबाईच्या पेटीत तिच्या हाताला हा रुपया लागला. तिनं तो उलटसुलट पाहिला आणि हरखली.

"एक बाहेरची, एक आतली. अवो, हा तं सरकारनंच टाक करून ठेवला! सोनाराची मजुरी वाचली."

टाकसाळीत कोणा कारागिराच्या हातून झालेली चूक या घरानं अशी देवाघरचा संकेत म्हणून उचलली. कडी जोडायला मात्र सोनार तयार होईना. बाईच्या तोंडावर आगीचा डाग देणार नाही म्हणाला. शेवटी भोवती चांदीची तार फिरवून त्यानं कोंदण केलं आणि मंगळसूत्राच्याही आधी तो रुपया गीताच्या गळ्यात पडला. नवं लुगडं आधी मंजुळाबाईला दाखवायचं, सणाचा घास आधी तिच्या नावानं बाजूला काढायचा, मग आपलं तोंड हलवायचं. गीतानं हे सगळं केलं.

एक गोष्ट मात्र तिला सलत राहिली. सासूनं पोराला तिला 'मावशी' म्हणायला शिकवलं. दूधभात तिनं भरवला, गोवरात रात्रंदिवस मांडीवर घेऊन तीच बसली, शाळेच्या मास्तरशी भांडायला तीच गेली. पण गावच्या बाया गमतीनं विचारत, "गोविंदा, तुही माय कुठी हाय रे?" आणि पोरगं तिच्याच कडेवर बसून तिच्याच गळ्याकडं बोट दाखवी. रुपयाकडं. बाया हसत. गीताही हसे. तिच्या पोटी पुढं काही झालं नाही, त्यामुळं 'माय' ही हाक तिनं ज्याच्याकडून मागावी असा एकच जीव जगात होता आणि तो बोट दाखवत होता.

एकदा न्हाणीत गोफ तुटला. तिनं रुपया खिडकीच्या फळीवर पालथा ठेवला आणि दुसरा दोरा आणायला वळली. वळता वळता तिला दिसलं, आतलं तोंड आत नव्हतं. वर आलं होतं. ती डावीकडं सरकली, तोंड डावीकडं वळलं. उजवीकडं सरकली, तर तिकडं. अंगावरचं पाणी थिजलं तिच्या. नवऱ्याला सांगितलं तर तो बिडी विझवत म्हणाला, "उन्हाचा खेळ हाय तो. खोल वस्तू उन्हात अशीच दिसते." खरंही असेल. पण त्या दिवसापासून गीताबाई रुपयाशी बोलायला लागली. झोपेत कूस बदलताना म्हणे, "सरका वो मंजुळाबाई, टोचून राह्यल्या." भाकर करपली की, "तुम्हीच लक्ष वेधलं असंन." कोणाशी तरी बोलावंच लागतं माणसाला.

शंकरराव गेला तेव्हा बायांनी बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र उतरवलं. एकीचा हात रुपयाकडं गेला. शेजारची कौतिकाआजी, जिनं मंजुळाबाईचंही लग्न पाहिलं होतं, तिनं तो हात झटकला. "राहू दे. तो नवऱ्याचा नोय, सवतीचा हाय." आता ज्याच्यापायी ती सवत, तोच उरला नव्हता, मग टाक कशाला? पण या प्रश्नाला रीत नव्हती, म्हणून कोणी विचारला नाही. नवरा गेला, सवत राहिली.

*

गोविंदा मोठा झाला, चिखली ते मेहकर काळी-पिवळी जीप चालवू लागला. त्याची बायको राखी चुणचुणीत. तिच्या फोनवर एक दिवस कोणीतरी ओरडत होतं की तुमच्या घरात जुनं नाणं असेल तर तुम्ही लखपती आहात. राखीनं सासूच्या गळ्यातला रुपया गळ्यातच पलटवून दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि नेटवर टाकले. पहिला फोन आला तो भामट्याचा. 'सरकारी फाईल'चे पैसे आधी भरा, मग गाडी नोटा घेऊन दारात. असले चोर गल्लोगल्ली झालेत, आणि गरिबाच्या घरातलं तांब्याचं भांडंसुद्धा त्यांना दिल्लीतून दिसतं. गोविंदा भरायला निघालाच होता.

"बावळट हायेत का तुम्ही?" राखीनं फोन हिसकला. "ज्याले आपल्यापासून घ्याचं हाय तो आपल्याले कायले पैसे मागंन?"

त्यानंतर मात्र खरे लोक मागं लागले. पुण्याचे, कोलकात्याचे, मग भलत्याच देशांचे. राखी त्यांचे निरोप फोनकडूनच मराठीत करून घेई. कोणी म्हणे, आतल्या बाजूचा आणखी एक फोटो पाठवा. कोणी म्हणे, हे खोटं आहे, एका फोटोत तोंड आत दिसतं आणि दुसऱ्यात बाहेर. राखीनं रुपया हलवला नव्हता, फक्त खिडकीचं दार उघडलं होतं. तिनं परत काढला, परत तोंड वेगळं. कधी न पाहिलेली माणसं सकाळ-संध्याकाळ ते एकच तोंड मागत होती. गीताबाईला वाटे, इतके जण बोलावून राहिलेत हिला, ऐकत असेल ना ही?

शेवटी बुलढाण्याहून वैजनाथराव आले. आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झालेले, परीटघडीचा सदरा, खांद्याला पिशवी. त्यांना फक्त चुकलेल्या नाण्यांचा नाद होता. विश्वास बसावा म्हणून त्यांनी अंगणातल्या बाजेवर मखमलीचा तक्ता उघडला. अमेरिकेचा सेंट, अर्धा छापलेला, अर्धा कोरा. विलायतेचं नाणं, त्यावर साल टाकायचंच राहून गेलेलं. आपलं पाच रुपयांचं, एका अंगानं गुळगुळीत. एकाचा कोणी घास घेतल्यासारखा काठ गेलेला. ओळीनं मांडलेली ती नाणी गीताबाईला दवाखान्यातल्या खाटांवर निजवलेल्या माणसांसारखी वाटली.

"एवढी चुकलेली जमा करून करता काय, भाऊ?"

"जपतो, बाई. चांगलं नाणं लोक खर्चून टाकतात. चुकलेल्यासाठी जगभर माणसं वेडी आहेत. एक गृहस्थ जर्मनीत आहेत, ते फक्त अशीच घेतात, आत गेलेल्या तोंडांची. त्यांच्याकडे भिंतभर आहेत."

भिंतभर. गीताबाईनं पदर सावरला.

"बाई, जरा काढून द्याल? वजन पाहू."

गीताबाईनं गोफ डोक्यावरून काढला. इतक्या वर्षांत ती असं चारचौघांत तो पहिल्यांदा काढत होती. राखी शेजारीच उभी होती. तिनं सासूच्या गळ्याखाली पाहिलं आणि चहाचा कप तिच्या हातात तसाच राहिला. काळ्या कातडीवर एक गोल, पांढुरका, ऊन न लागलेला. आणि त्या गोलात, आतल्या तोंडानं वर्षानुवर्षं दाबून उठवलेलं, पुसट पण सरळ, एका बाईचं तोंड.

"अव्वा," राखी म्हणाली.

वैजनाथराव भिंगात गुंग होते. त्यांना फक्त चांदी दिसत होती. "वा! कोंदण असल्यामुळे काठ जपला गेला. आणि आतून कधी घासलेला नाही, हे फार छान केलंत."

"हे असं झालं कसं पण?" गीताबाईनं विचारलं. आजवर हे सांगणारा माणूस तिला भेटला नव्हता.

"सोपं आहे. टाकसाळीत साचा खाली येतो, कोऱ्या चकतीवर तोंड उमटतं, नाणं बाजूला पडतं. मग दुसरी चकती. पण कधी कधी काय होतं, पहिलं नाणं पडतच नाही. साच्याला चिकटून बसतं. दुसरी कोरी चकती येते बिचारी, आणि तिच्यावर साचा पडत नाही, त्या पहिलीचंच तोंड दाबलं जातं. उलटं."

गीताबाईचा हात मोकळ्या गळ्याकडं गेला. कोरी चकती. बिचारी.

"म्हंजे पहिली निंगालीच नाही," ती म्हणाली.

"अगदी बरोबर! निघालीच नाही," वैजनाथराव खूश होऊन म्हणाले.

त्यांनी आकडा सांगितला. गोविंदाचे डोळे चमकले, एवढ्या पैशात जुन्या जीपच्या जागी नवी येत होती. "मावशी, देऊन टाकू."

"माह्या गळ्यातला हाय रे."

"माह्या मायचा हाय," गोविंदा म्हणाला. सहज म्हणाला, त्याला जाणवलंही नाही. "तू फक्त घालत होती."

ते मात्र गीताबाईच्या बरोबर वर्मी बसलं. आयुष्यभर ज्या शब्दाची वाट पाहिली तो तिच्यासमोर दुसरीला मिळाला, आणि तीही मेलेली. पण रागाच्या पोटातच तिला एक गोष्ट सुचली. हा रुपया गेला तर पोराला बोट दाखवायला गळ्यात दुसरं कोण उरेल?

"ने मंग," ती म्हणाली.

वैजनाथरावांनी जर्मनीच्या गृहस्थांशी पक्कं करून पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगितलं. जाताना त्यांनी या लोकांची नेहमीची ताकीद दिली. चिंचेनं घासायचं नाही, राखेनं तर नाहीच. आणि आता गळ्यात घालायचं नाही, घामानं झीज होते. मऊ फडक्यात गुंडाळून ठेवा. गीताबाईनं धुतलेल्या मांजरपाटात तो बांधला आणि ज्वारीच्या कोठीत दाण्यांखाली सरकवला.

*

पहिल्या दिवशी तिला हलकं वाटलं. मान इतकी मोकळी की चालताना तोल जातो काय असं व्हावं. ती गोफावाचून झोपली आणि कूस बदलताना कोणाला सरका म्हणावं लागलं नाही.

छातीवरची खूण आज ना उद्या जाईल असं तिला वाटलं होतं. अंगठी काढली की बोटावरचा वळ जातो, तसं. पण गेली नाही. राखी रोज पाहायची, न पाहिल्यासारखं करून. आधी नुसता गोल आणि पुसट तोंड होतं. मग नाक धारदार झालं. मग मागं अंबाडा दिसायला लागला. राणीच्या डोक्यावर मुकुट असतो. हिच्या डोक्यावर नव्हता.

"मामी, दवाखान्यात दाखवू का?" राखीनं सासूला विचारलं.

"कायले? खाजतबी नाई, दुखतबी नाई."

मग जेवणाच्या वेळचं ते. गोविंदा जीप लावून जेवायला बसला होता. गीताबाईनं तव्यावरची भाकर उलटली, त्याच्या ताटात टाकली, वर वरण घातलं. गोविंदानं हात आखडला.

"मावशी, डाव्या हातानं वाढून राह्यली?"

गीताबाईनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. वरणाची पळी खरंच डाव्यात होती. तिनं ती उजव्यात घेतली, आणि उजव्यातून पळी सांडली, जशी दुसऱ्याच कोणाच्या हातात दिली असावी. दारात कौतिकाआजी ताकासाठी बसली होती. म्हातारीची नजर अधू, पण आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"मंजुळी डावरी होती," ती म्हणाली. "सासूनं तव्याचा चटका देल्ता हातावर, तरी तिचा डावा सुटला नाई."

गोविंदानं ताट पुढं सरकवलं, हात धुतला. त्याच्या मागून आवाज आला.

"जेवून जाय ना, टिटव्या."

तो जागीच थांबला. हे नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. निदान ऐकल्याचं आठवत नव्हतं. तरी त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण अंगाला ते ओळखीचं होतं.

"हे काय नाव काढलं, मावशी?"

"कोणतं नाव?" गीताबाई म्हणाली. ती खरंच गोंधळली होती.

कौतिकाआजी काठी टेकत उठली. तिला ताक नको होतं आता. "लय रडे ना तू, टिटवीवाणी," ती गोविंदाला म्हणाली. "तुही माय म्हणे तुले तसं. तिच्याशिवाय कोणी म्हणत नव्हतं." आणि ती भिंत धरत धरत निघून गेली.

*

वैजनाथराव ठरल्याप्रमाणे दुपारच्या एसटीनं आले. येताना त्यांनी रुपयाच्या मापाची पारदर्शक डबी आणली होती. त्यांना बाजेवर बसवून राखी पाणी आणायला गेली, आणि तेवढ्यात गोविंदा कोठीत हात घालून गाठोडं घेऊन आला. ज्वारीचे दाणे त्याच्या बाहीतून गळत होते. दुसऱ्या हातात नवा काळा गोफ होता, त्यानं चिखलीहून आणलेला.

"घाल मावशी गळ्यात."

"तूच म्हणे ना, विक म्हणून."

"चुकलो. घाल आधी." एवढा दांडगा गडी, वाटेत पोलिसाशी हुज्जत घालणारा, तो सावत्र मायच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. "भाऊसाहेब, नाही द्याचा आम्हाले. जा तुम्ही."

वैजनाथरावांचा चेहरा पडला. "अहो, शब्द दिलाय मी तिकडे."

"तुमच्या शब्दाचं मी काय करू?"

"थांब," गीताबाई म्हणाली. ती ओट्यावर बसली होती, पदर छातीशी धरून. "एक सांग मले. भेव कायचं वाटते तुले? मंजुळाबाईचं?"

गोविंदानं हातातला गोफ मुठीत आवळला.

"ती तुही मायच हाय ना? तूच म्हणे, मायचा रुपया. मंग मायचं काऊन भेव?" तिचा राग आता उकळून वर आला होता, इतक्या वर्षांचा. "मी तिचं ओझं वागवलं. तिच्या नावानं घास काढला. तिचा पोरगा वाढवला. आन् पोरगा बोट कोणाकडं दाखवे? अं? हे गळ्यातून गेलं ना, का मंग मीच राहीन. माय म्हणाचं तं मलेच म्हण."

तिनं गाठोडं त्याच्या हातातून ओढलं, मांजरपाट सोडला आणि रुपया वैजनाथरावांपुढं धरला. "न्या भाऊ. त्या भिंतीवर लावा म्हणा."

वैजनाथरावांनी गोविंदाकडं पाहिलं. गोविंदा हलला नाही. त्यांनी दोन बोटांनी काठाला धरून रुपया डबीत ठेवला आणि झाकण दाबलं. चट् आवाज झाला. ठरलेल्या नोटांचं पुडकं बाजेवर ठेवून, पिशवी खांद्याला लावून ते फाटकाकडं निघाले, आणि फाटकापाशी थांबून त्यांनी डबी उन्हात धरून पाहिली.

"गंमत आहे," ते तिथूनच म्हणाले. "आज आतली बाजू अगदी सपाट दिसते आहे. उजेडाचा फरक असेल." आणि ते एसटी गाठायला गेले.

अंगण रिकामं झालं. गीताबाईला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाजेवर सांडलेले ज्वारीचे दाणे वेचायला एक चिमणी आली आणि उडून गेली.

गोविंदा ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. डोकं गुडघ्यात. मग त्यानं मान वर केली. तो गीताबाईच्या तोंडाकडं पाहत नव्हता. तिच्या पदराच्या काठाकडं पाहत होता, जिथून गोलाची कड दिसत होती.

"माय," तो म्हणाला.

त्या एका शब्दासाठी गीताबाईनं काय नाही केलं. आधी पदर सावरावा आणि मग ओ द्यावी, असं तिनं ठरवलं.

"काय रे?"

उत्तर लगेच गेलं होतं, मऊ, तरुण आवाजात. गीताबाईनंही ते ऐकलं. तिचे ओठ अजून मिटलेलेच होते.

दारात राखी पाण्याचा तांब्या घेऊन कधीची उभी होती. तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि सासूकडं न पाहता आत गेली.